नमुन्याच्या तळटीपेपासून ‘मदत’ कळीपर्यंत : पुण्यातील नोंदणी व भूमी अभिलेख प्रणालींतील अंतर्भूत मार्गदर्शनाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्थावर मालमत्तेचा कारभार ज्या दोन राज्यस्तरीय कार्यालयांतून चालतो, ती दोन्ही पुणे शहरात आहेत. जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमी अभिलेख यांचे कार्यालय जमिनीच्या मोजणीचे व अधिकार अभिलेखाचे नियमन करते. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांचे कार्यालय दस्तांची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क यांचा व्यवहार पाहते. गेल्या पंचवीस वर्षांत या दोन्ही विभागांचे काम क्रमाक्रमाने संगणकावर आणि पुढे वेबप्रणालीवर गेले. या स्थित्यंतराचा अभ्यास बहुधा पारदर्शकता, वेळेची बचत व महसूलवाढ या अंगांनी केला जातो. एका प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो प्रश्न असा की, जो रकाना पूर्वी जाणकार माणूस भरीत असे तो सामान्य नागरिकाच्या हाती आल्यानंतर, त्यात काय भरावे हे त्याला कोण सांगते आणि कोठे सांगते?

संगणकाच्या परिभाषेत या सांगण्याला अंतर्भूत मार्गदर्शन म्हणता येईल. स्वतंत्र पुस्तिका उघडावी न लागता, ज्या जागी काम चालू आहे त्याच जागी मिळणारी सूचना असा त्याचा अर्थ होय. रकान्याचे शीर्षक, रकान्याखालील बारीक अक्षरांतील ओळ, प्रश्नचिन्हावर बोट ठेवताच उघडणारी चौकट, चूक झाल्यावर येणारा संदेश, ‘मदत’ असे लिहिलेली कळ, ही सर्व त्याची रूपे आहेत. हा विषय वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः त्याची मुळे कागदी नमुन्याच्या इतिहासात आहेत, आणि पुणे जिल्ह्यापुरता तो इतिहास पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. संगणकीकरणाने नमुना नागरिकापर्यंत आणला, परंतु नमुन्याभोवतीचे मार्गदर्शन त्याच्याबरोबर आले नाही; ते नंतर तुकड्यातुकड्यांनी आणावे लागले, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. चुकीच्या नोंदीची किंमत येथे जमिनीच्या हक्काने मोजली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

कागदी नमुन्यातील मार्गदर्शन

कारभारात मजकूर कसा लिहावा याचे लेखी मार्गदर्शन महाराष्ट्राला नवे नाही. हेमाद्रीच्या नावाशी जोडला गेलेला ‘मेस्तक’ किंवा शिवकालात सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ ही त्याची परिचित उदाहरणे. परंतु ही साधने लेखकाच्या हाताशी असत, लेखाच्या अंगावर नसत. सूचना नमुन्यातच बसविण्याची पद्धत खऱ्या अर्थाने आली ती ब्रिटिश अमदानीतील भूमापनाबरोबर.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात प्रिंगल याने सुरू केलेली मोजणी व आकारणी अपयशी ठरली. निव्वळ उत्पन्न काढण्याची त्याची गणिती रीत सैद्धांतिकदृष्ट्या नेटकी होती. पण ती हाताखालच्या कर्मचाऱ्यांना झेपणारी नव्हती आणि गैरव्यवहाराला त्यात पुष्कळ वाव राहिला. यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात जी पद्धत आणली, तिचे यश केवळ दर कमी केल्यामुळे आले असे मानणे अपुरे आहे. त्यांनी कामाची रीतच बदलली. जमिनीची प्रतवारी ठरविण्याचा निर्णय लहान लहान टप्प्यांत विभागण्यात आला. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीला निश्चित रूप मिळाले. मातीचे नऊ वर्ग, प्रत्येक वर्गाचे आण्यांतील मूल्य, मातीतील दोष दर्शविणारी ठरावीक चिन्हे आणि शेताच्या आराखड्यात ती मांडण्याची जागा, असे सारे ठरवून दिले गेले. प्रतवारी कारकुनाला अर्थशास्त्र समजण्याची आवश्यकता उरली नाही. चिन्ह कोठे काढावयाचे एवढे कळले की पुरे. प्रिंगलचे ज्ञान ग्रंथात होते, विंगेटचे नमुन्यात होते, असा भेद करता येईल.

विसाव्या शतकात ही परंपरा गावपातळीवर पोहोचली. १९०३ च्या अधिनियमाने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाला कायद्याचा आधार मिळाला व १९१३ मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. गाव नमुना एक ते एकवीस ही नमुन्यांची मालिका आणि ती कशी भरावी हे सांगणारी अँडरसन यांची महसुली लेख्यांची नियमपुस्तिका, यांवर महाराष्ट्रातील तलाठ्यांच्या पिढ्या घडल्या. नमुना सातमध्ये भोगवटादार व त्याचे हक्क, नमुना बारामध्ये पिके, नमुना सहामध्ये फेरफार, सहा-अ मध्ये विवाद, आठ-अ मध्ये खातेदाराच्या जमिनींची एकत्रित नोंद, अशी ही रचना आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. हक्क संपुष्टात आला की नाव खोडावयाचे नाही, त्याला कंस करावयाचा. नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहावयाचा. उताऱ्यावरील कंस आणि वर्तुळ वाचता येणारा माणूस त्या जमिनीचा पन्नास वर्षांचा इतिहास घटकाभरात सांगू शकतो. न येणाऱ्यास त्याच उताऱ्यावर आपल्या वडिलांचे नाव दिसते आणि त्याभोवतीचा कंस दिसत नाही.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ नुसार जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास तसे कळवावयाचे असते आणि हे कळविणे तोंडी किंवा लेखी असू शकते. म्हणजे कायद्याने नागरिकावर नमुना भरण्याचे ओझे टाकलेलेच नव्हते. त्याने सांगावयाचे, तलाठ्याने लिहावयाचे. पुढे कलम १५० नुसार त्या नोंदीची प्रत चावडीवर लावावयाची, हितसंबंधितांना कळवावयाचे, हरकत आल्यास विवादाच्या नोंदवहीत घ्यावयाची आणि अखेरीस नोंद प्रमाणित व्हावयाची. या व्यवस्थेत मार्गदर्शनाचा ग्रंथ म्हणजे प्रत्यक्ष तलाठीच होता. त्यातून निर्माण झालेली परावलंबिता आणि तिचे गैरफायदे सर्वविदित आहेत. त्यांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु नमुना अवघड असण्याची झळ नागरिकाला थेट बसत नव्हती, एवढे मान्य करावे लागते. दस्तनोंदणीच्या क्षेत्रात हेच स्थान दस्तलेखक व मुद्रांक विक्रेता यांचे होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक हा केवळ लेखनिक नव्हता. कोणत्या व्यवहाराला कोणता दस्त लागतो याचा निवाडा त्याच्या मेजावर होत असे.

संगणकातील मदतीची परंपरा

संगणकाच्या जगात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९७१ मध्ये युनिक्स प्रणालीची कार्यपुस्तिका सिद्ध झाली आणि तिची पाने संगणकावरच आज्ञा देऊन वाचता येऊ लागली. १९९० मध्ये विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर मदतीची स्वतंत्र खिडकी आली. त्याच वर्षी जॉन कॅरोल यांचा ‘द न्युर्नबर्ग फनेल’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवशिका मनुष्य पुस्तिका वाचून मग काम सुरू करीत नाही, तो काम करू लागतो आणि अडला की शोधतो, हे कॅरोल यांचे निरीक्षण पुढील साऱ्या विचाराचा पाया ठरले. १९९७ च्या ऑफिस संचातील बोलक्या क्लिपचे पात्र याच विचारातून आले खरे. पण न विचारता मध्ये बोलणारा मदतनीस लोकांना नकोसा होतो हा धडा देऊन २००७ च्या आवृत्तीत ते नाहीसे झाले.

वेबप्रणालीने परिस्थिती आणखी बदलली. पेटीतून येणारी पुस्तिका गेली. वापरणारा प्रशिक्षित कर्मचारी असेलच असे राहिले नाही. घर खरेदी करणारा मनुष्य नोंदणीची प्रणाली आयुष्यात एकदा, फार तर दोनदा वापरतो, त्यामुळे सरावाने शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. अशा वापरकर्त्यासाठी रकान्याशेजारची एक ओळ शंभर पानी पुस्तिकेपेक्षा मोलाची ठरते. आणि सर्वांत जास्त वाचले जाणारे मार्गदर्शन कोणते, तर चुकीचा संदेश! पुस्तिका न वाचणारासुद्धा तांबड्या अक्षरांतील ओळ वाचतो.

भारत सरकारच्या २००९ मधील संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांनंतर शासकीय संकेतस्थळांवर ‘मदत’ या नावाचे पान रूढ झाले. अनेक ठिकाणी या पानावर काय आढळते? कोणत्या प्रकारची धारिका उघडण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर लागते याचा तक्ता. मदत या शब्दाचा इतका संकुचित अर्थ तलाठ्याने कधी केला नसता.

‘सरिता’ ते ‘आय-सरिता’

नोंदणी विभागाने २००२ च्या सुमारास ‘सरिता’ ही संगणकप्रणाली दुय्यम निबंधक कार्यालयांत आणली. दस्ताचे प्रतिमांकन, पक्षकारांची छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे, सूची क्रमांक दोनची छापील प्रत ही तिची दृश्य फलिते होत. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये २००१ साली घातलेल्या कलम ३२-अ ने छायाचित्र व ठसे आवश्यक केले होते, त्याला ही प्रणाली अनुरूप होती. मात्र तिचा वापरकर्ता नागरिक नव्हता. प्रशिक्षित चालक कळफलकावर बसत असे. पक्षकाराने माहिती पुरवावयाची व छापून आलेला मजकूर तपासावयाचा, एवढाच त्याचा भाग होता. चालकाला अडचण आल्यास शेजारी दुय्यम निबंधक उपलब्ध होता. त्यामुळे पडद्यावर मार्गदर्शन असणे वा नसणे याला फारसे महत्त्व आले नाही.

२०१२ मध्ये मध्यवर्ती वेबप्रणाली असलेली ‘आय-सरिता’ आली, आणि त्याबरोबर दस्ताची माहिती नागरिकाने आधीच घरून भरावी अशी सोय झाली. येथे कळफलक मेजाच्या पलीकडून अलीकडे आला. रांग कमी व्हावी, चालकाच्या टंकलेखनातील चुका टळाव्यात, हे हेतू रास्तच होते. परंतु टंकलेखनाबरोबर निवडीचे कामही नागरिकाकडे आले आणि ते टंकलेखनाहून फार वेगळे आहे.

उदाहरणादाखल दस्ताच्या प्रकाराची यादी घ्यावी. भावाच्या नावे वडिलोपार्जित हिस्सा करून देऊ इच्छिणाऱ्या बहिणीपुढे बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, अभिहस्तांतरणपत्र अशी नावे उभी राहतात. घरगुती बोलण्यात हे सारे ‘नावावर करून देणे’ असते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत मात्र ते निरनिराळे अनुच्छेद आहेत, त्यांचे शुल्क निराळे आहे आणि कायदेशीर परिणामही निराळे आहेत. यादीतील एका ओळीवर बोट ठेवणे म्हणजे कायदेशीर मत बनविणे होय. तीच गत मूल्यांकनाची. वार्षिक मूल्य दर तक्त्यात योग्य विभाग शोधणे, बांधकामाचे क्षेत्र कोणत्या अर्थाने धरावयाचे ते ठरविणे, हे जाणकारालाही विचार करावयास लावणारे आहे.

मग या जागी दोन वाक्यांची सूचना का नसावी? येथे प्रशासनाची एक खरी अडचण आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. पडद्यावरील सूचना हे विभागाचे विधान ठरते. ‘असा व्यवहार असल्यास हक्कसोडपत्र निवडा’ असे लिहिले आणि उद्या त्यावरून शुल्काचा वाद उपस्थित झाला, तर नागरिक त्याच ओळीकडे बोट दाखवील. म्हणून अशा प्रणालींसोबतच्या पुस्तिका कोणती कळ कोठे दाबावी हे चित्रांसह विस्ताराने सांगतात; कोणता पर्याय का निवडावा याविषयी मात्र हात राखून बोलतात. कळ कोठे आहे हे बहुधा दिसतच असते. जे दिसत नाही त्याविषयीच मौन राहते. दस्तलेखक हे मौन पाळीत नसे. तो फी घेऊन स्पष्ट बोलत असे.

लिव्ह अँड लायसन्स कराराच्या ऑनलाइन नोंदणीत या अडचणीवर एक चांगली तोड निघालेली दिसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी न केल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. विद्यार्थी व नोकरदार यांच्या सततच्या ये-जा मुळे पुण्यात या करारांचे प्रमाण मोठे आहे. ई-नोंदणीत मालक, भाडेकरू, मुदत, भाडे, अनामत यांचे रकाने भरले की ठरावीक मसुद्यात ते जाऊन बसतात आणि पूर्ण करार डोळ्यांपुढे येतो. रकान्याचा अर्थ सांगणारी वेगळी टीप येथे लागत नाही. भरलेल्या शब्दाचे वाक्य झालेले दिसते, हेच मार्गदर्शन. अर्थात हे शक्य झाले ते कराराचा साचा बव्हंशी एकसारखा असल्यामुळे. खरेदीखताला ही युक्ती सहज लागू पडणार नाही.

तरीही याच ई-नोंदणीसाठी विभागाला अधिकृत सेवा पुरवठादार नेमावे लागले. ठसे घेण्याचे यंत्र व कॅमेरा घेऊन ते घरी येतात, माहिती भरून देतात. दस्तलेखकाचे हे पुनरागमनच म्हणावयाचे. फरक इतकाच की आता त्याच्या पिशवीत मुद्रांक कागदाऐवजी लॅपटॉप असतो.

ई-फेरफार : तलाठी वापरकर्ता होतो तेव्हा

भूमी अभिलेखाच्या क्षेत्रात वापरकर्ता प्रथम तलाठी होता. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर केला आणि महाराष्ट्रात ई-फेरफार प्रकल्प उभा राहिला. नियमपुस्तिका मुखोद्गत असलेल्या कर्मचाऱ्याला येथे नवशिका व्हावे लागले. कंस कसा करावयाचा हे त्याला ठाऊक होते. संगणकात कंस कोणत्या पर्यायाने होतो हे ठाऊक नव्हते. कागदावर एक रेघ मारून होणारे काम आता वापरकर्ता, फेरफाराचा प्रकार, खाते, क्षेत्र, मसुदा व मंजुरी या मार्गाने जाऊ लागले.

हस्तलिखित व संगणकीकृत उतारा तंतोतंत जुळविण्याचे काम २०१६-१७ च्या सुमारास ‘एडिट’ व ‘री-एडिट’ या घटकप्रणालींतून झाले. या काळात मार्गदर्शनाचा मुख्य प्रवाह पडद्याबाहेरून वाहत होता. परिपत्रके, पत्ररूप सूचना, प्रशिक्षणे आणि तलाठ्यांचे समाजमाध्यमांवरील गट यांतून शंकासमाधान चालले. यात हेटाळण्यासारखे काही नाही. प्रणाली दर महिन्यास बदलत असताना छापील पुस्तिका टिकली नसती. परंतु परिपत्रकातील सूचना आणि ती जेथे लागते तो पडदा, या दोहोंत अंतर राहिले. नवीन रुजू झालेल्या तलाठ्याला मागील सूचना शोधण्यासाठी पुन्हा जुन्या सहकाऱ्यालाच विचारावे लागे.

या टप्प्यावर २०१७ मध्ये झालेली चावडी वाचनाची मोहीम अभ्यासकाला बोलकी वाटेल. संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवावयाचा व त्यांच्याकडून चुका समजून घ्यावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. संगणकाच्या अचूकतेची खातरजमा करण्यासाठी शासनाने कानाचा आश्रय घेतला. ज्याला कंस वाचता येत नाही त्याला ‘हे नाव कमी झाले’ असे ऐकता येते. यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि उतारा घरबसल्या मिळू लागला. वाचून दाखविणारा मात्र उताऱ्याबरोबर आला नाही.

२०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात सुधारणा करण्यात आली. गावाचा संकेतांक आला, क्षेत्राचे एकक स्पष्ट झाले. शेतजमिनीसाठी हेक्टर, आर व चौरस मीटर आणि अकृषिक क्षेत्रासाठी आर व चौरस मीटर अशी विभागणी झाली. अकृषिक झालेल्या जमिनीच्या उताऱ्यावर, या क्षेत्रास नमुना बाराची आवश्यकता नाही, अशा आशयाची सूचना छापली जाऊ लागली. दिसावयास ही एक ओळ आहे. पण बाराचा भाग कोठे गेला या प्रश्नासाठी घातले जाणारे हेलपाटे ती वाचवू शकते. एककाचेही तसेच. एक हेक्टरचे शंभर आर आणि एका आरचे शंभर चौरस मीटर. एकर-गुंठ्यांत विचार करणाऱ्याच्या हातून दशांशचिन्ह एक घर सरकले की क्षेत्र दसपट होते. अशी चूक पुढे ‘लेखनप्रमाद’ म्हणून संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करावयाची की तो हक्काचाच वाद समजावयाचा, यावर पक्षकारांची वर्षे खर्ची पडतात. रकान्याशेजारी लिहिलेले ‘चौ. मी.’ हे दोन शब्द त्या तुलनेने स्वस्त आहेत.

शब्दांची अडचण

मराठीतील अंतर्भूत मार्गदर्शनाला आरंभी लिपीनेच अडविले. युनिकोड रुळेपर्यंत देवनागरी मजकूर विशिष्ट टंकाशिवाय वाचता येत नसे, म्हणून सूचना चित्ररूपाने किंवा स्वतंत्र धारिकेत ठेवाव्या लागत. रकान्याशेजारी त्या बसविणे जिकिरीचे होते. पुण्यातीलच प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९८८ मधील स्थापनेपासून भारतीय लिप्यांसाठी केलेल्या कामाचा या संदर्भात निर्देश करणे उचित होईल. लिपीचा प्रश्न आता बव्हंशी सुटला आहे. शब्दांचा सुटलेला नाही, आणि तो अधिक खोल आहे.

‘खाते’ या शब्दाचे उदाहरण पाहावे. महसुली भाषेत खाते म्हणजे आठ-अ वरील खातेदाराचे खाते. बँकेत त्याचा अर्थ वेगळा. संकेतस्थळावर ‘खाते तयार करा’ म्हणजे वापरकर्ता म्हणून नाव दाखल करणे. आणि शासनात ‘महसूल खाते’ म्हणजे विभाग! भूमी अभिलेखाच्या प्रणालीत ‘खाते क्रमांक’ असा रकाना आला तर चारांपैकी तीन अर्थ तेथे शोभून दिसतात. ‘नोंदणी’ची अडचण याहून बिकट आहे. दस्ताची नोंदणी, फेरफाराची नोंद आणि संकेतस्थळावरील वापरकर्त्याची नोंदणी हे तीन व्यवहार एकाच धातूतून निघालेल्या शब्दांनी ओळखले जातात. ‘आपली नोंदणी यशस्वी झाली’ हा संदेश वाचून घर नावावर झाले असे कोणी समजला तर दोष भाषेच्या अज्ञानाचा म्हणता येणार नाही. त्याला भाषा येते, म्हणूनच तो फसतो.

‘फेरफार’ हा महसूल खात्यातील शतकभराचा रुळलेला शब्द. परंतु बाहेरच्या मराठीत कागदपत्रांत फेरफार करणे हा गुन्हा आहे. ‘अवैध’ची कथा उलट दिशेने जाते. तांत्रिक इंग्रजी संदेशाचे भाषांतर करताना नियमांत न बसणाऱ्या आकड्याला ‘अवैध क्रमांक’ म्हटले जाते. दारूपासून बांधकामापर्यंत ‘अवैध’ म्हणजे बेकायदेशीर हेच ज्याने आयुष्यभर वाचले, त्याला मोबाइल क्रमांकाचा एक आकडा कमी पडल्यावर हा शब्द भेटावा यात विनोद आहे तसा त्रासही आहे. ‘मोबाइल क्रमांक दहा आकडी असावा’ एवढे साधे वाक्य तेथे पुरेसे झाले असते.

भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, झालेले परिभाषेचे काम मोठे आहे. ते टिप्पणी, पत्रव्यवहार व अधिनियम यांसाठी झाले. एका श्वासात वाचून कृती करावयाच्या सूचनेसाठी झाले नाही. कार्यालयीन टिप्पणीला ‘विहित नमुन्यात परिपूर्ण माहितीसह सादर करावे’ हे वाक्य शोभते. पडद्यावर तेच वाक्य नागरिकाला कोणतीही माहिती देत नाही.

पुणे शहरापुरती आणखी एक गुंतागुंत आहे. जुन्या पेठांतील मिळकतीची ओळख नगर भूमापन क्रमांकाने व मिळकत पत्रिकेने होते. हद्दीलगतच्या व नव्याने समाविष्ट गावांत सातबारा चालतो. तेथे कोठे सर्व्हे क्रमांक, तर १९४७ च्या अधिनियमानुसार एकत्रीकरण झालेल्या गावी गट क्रमांक. सदनिकाधारकाजवळ बहुतेक वेळा यांपैकी काहीच नसते, सदनिकेचा क्रमांक व संस्थेचे नाव असते. ‘अभिलेखाचा प्रकार निवडा’ हा पहिलाच प्रश्न त्याच्या दृष्टीने शेवटचा ठरू शकतो. नागरिकाच्या प्रश्नांपासून आरंभ करण्याचा वेगळा मार्ग शेजारच्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०१३ मध्ये ‘सारथी’ उपक्रमात अवलंबिला होता. सेवांविषयीचे प्रश्न व उत्तरे एकत्र करून तीच सामग्री पुस्तिका, संकेतस्थळ, भ्रमणध्वनी उपयोजन व दूरध्वनी मदतवाहिनी यांतून देण्यात आली. विभागाच्या रचनेऐवजी विचारणाऱ्याच्या शब्दांत माहिती लावणे हे त्याचे वेगळेपण होते.

ई-पीक पाहणीतील ‘मदत’

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने नमुना बारा भरण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती दिले. काटेकोर अर्थाने ही वेबप्रणाली नसून भ्रमणध्वनीवरील उपयोजन आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. शंभर वर्षे तलाठ्याने भरलेला नमुना प्रथमच खातेदाराने स्वतः भरावयाचा होता, आणि तोही बांधावर उभे राहून.

पहिल्या हंगामाच्या अनुभवानंतर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत जे बदल झाले त्यांत ‘मदत’ या कळीचा समावेश होता. नेहमी पडणारे प्रश्न व त्यांची उत्तरे तेथेच वाचता येऊ लागली. त्याहून मोलाचे दोन बदल मदत या नावाने आलेले नाहीत. एक म्हणजे पिकाचे छायाचित्र घेणारा गटापासून दूर असल्यास त्याला तसे सूचित करण्याची व्यवस्था. दुसरा, भरलेली माहिती ४८ तासांत स्वतः दुरुस्त करण्याची मुभा. चुकीची भीती वाटणाऱ्या मनुष्याला सूचनेपेक्षा दुरुस्तीची खात्री अधिक धीर देते. तलाठ्याच्या कागदावर खाडाखोडीला स्वाक्षरी लागे. येथे दोन दिवसांची सवलत मिळाली. शेतकऱ्याची नोंद स्वयंघोषित मानून तलाठ्याने दहा टक्के नोंदी तपासाव्यात असेही ठरले.

पुढे केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी ही व्यवस्था जोडली गेली आणि शेतकऱ्यांकडून राहिलेल्या क्षेत्राची पाहणी पूर्ण करण्यासाठी गावोगावी सहायक नेमण्यात आले. तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे बदलले. नमुना भरणारा, भरून देणारा आणि तपासणारा या तीन भूमिका दोन दशकांत किती वेळा अदलाबदल झाल्या हे पाहिले, म्हणजे ‘वापरकर्ता’ या एका शब्दाने त्यांचे वर्णन करणे किती अपुरे आहे ते ध्यानात येते.

अभिलेख म्हणून सूचना

इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे एक वेगळीच अडचण उभी राहते. अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेच्या जुन्या आवृत्त्या ग्रंथालयांत सापडतात; १८४७ चा संयुक्त अहवाल छापील आहे; पेशवे दफ्तरातील ताळेबंद कोणत्या क्रमाने मांडले जात ते रुमाल सोडून पाहता येते. एखादी जुनी नोंद अशी का लिहिली गेली, हे त्या काळच्या सूचनांवरून ताडता येते. वेबप्रणालीत सूचना बदलली की पूर्वीची सूचना त्या जागेवरून नाहीशी होते. रकान्याचे शीर्षक, यादीतील पर्यायांचा क्रम, चुकीच्या संदेशाचे शब्द यांची नवी आवृत्ती जुनीवर चढते. नोंद राहते, नोंद करणाऱ्यासमोर काय लिहिले होते ते राहत नाही.

हा प्रश्न केवळ विद्याव्यासंगाचा नाही. जमिनीचे दावे वीस-वीस वर्षे चालतात. २०१३ मध्ये घरून भरलेल्या माहितीत पक्षकाराने अमुक पर्याय का निवडला, त्याच्यासमोर त्या वेळी कोणते पर्याय होते व त्यांखाली काय स्पष्टीकरण होते, असा प्रश्न २०३३ मध्ये न्यायालयात निघू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अभिलेखांचे जतन हे शासकीय यंत्रणांचे कर्तव्य आहे. प्रत्येक आवृत्तीतील पडद्यांच्या दिनांकित प्रती, त्यांवरील सूचनांसह, अभिलेख समजून पुण्यातील या दोन कार्यालयांत ठेवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. सातबाराच्या छापील प्रतीवर तो केव्हा काढला त्याचा दिनांक असतोच; पडद्याच्या प्रतीवरही तेवढाच दिनांक लागेल.